तिसऱ्या ओळीत काय भरू

मुलुंड (पूर्व)
रविवार, ११ ऑक्टोबर १९८७

चि. सौ. पद्मा,

ताईचे आशीर्वाद. पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, इथे सगळे सुखरूप आहेत. वाईट बातमी आपल्याकडे कोपरा फाडलेल्या कार्डावर येते. इतकी पानं लागतात ती फक्त फजितीला.

हरेश्वररावांच्या होडीचं इंजिन दुरुस्त झालं का? माणिकच्या टॉन्सिल्सचं डॉक्टर काय म्हणाले? तिला बर्फाचा गोळा देऊ नकोस असं मी लिहिणार होते, पण मागच्या वेळी तिला तो मीच दिला होता, तेव्हा गप्प बसते. तुमच्याकडे वारा फिरला की कारखान्यांचा वास येतो म्हणालीस. आमच्याकडे कचऱ्याच्या डेपोचा येतो. तात्या खिडकी लावतात आणि थोड्या वेळानं विचारतात, एवढं उकडतंय कशानं. त्यांचा गुडघा सोडला तर तब्येत ठणठणीत आहे. शहात्तरावं लागलं. (हा आकडा लक्षात ठेव, पुढे वयांचा बराच घोळ आहे.)

आपण वर्षातून दोनदा चेंबूरला त्या उडप्याकडे भेटतो, पण मी तात्यांचं नाव काढलं की तू वेटरला हाक मारतेस, जणू ते तुझे वडीलच नव्हेत. मागच्या वेळी अशानं आपण चार-चार कॉफ्या प्यायलो आणि मला दोन रात्री झोप नव्हती. म्हणून हे लिहून पाठवते. कागदावर वेटर येत नाही. सरळ सांगते. दिवाळी झाली की आपल्या गावच्या मंडळाची यादी छापायला जाते, आणि त्या यादीत आपल्या घराच्या पानावर तिसरी ओळ रिकामी आहे. ती तुझी ओळ आहे. तिचं काय करायचं ते तुझ्याशिवाय कोणी ठरवू शकत नाही. पण ती रिकामी कशी राहिली हे कळायला तुला आधी माझी फजिती ऐकावी लागेल, आणि ती लांब आहे. चहा टाकून बस.

फेब्रुवारीत मंडळाचे चिटणीस काशीरामभाऊ (तेच, सभेत बोलताना टेबलावर किल्ल्या आपटणारे) यांनी जाहीर केलं की मुंबईत पसरलेल्या आपल्या गावकऱ्यांची संपूर्ण यादी काँप्युटरवर करायची. मी अंधेरीला ज्या कंपनीत आहे तिथे तो घेतलाय, आणि मालाच्या याद्या त्यात टाइप करणं हे माझं काम. गावात मात्र बातमी अशी पोचली की सुगंधानं काँप्युटर काढला. शेठना विचारलं, तर त्यांनी शनिवारी दुपारनंतर वापरायची परवानगी दिली. अट एवढीच की चपला बाहेर काढायच्या, खोलीत काही खायचं नाही आणि दार उघडं ठेवून थंड हवा घालवायची नाही. आपल्या देवळात याच्या निम्मंही सोवळं नाही गं.

काशीरामभाऊंनी फॉर्म सायक्लोस्टाइल करून घरोघर वाटले. नाव, वय, शिक्षण, लग्न झालं आहे का, मुलं किती, हे सगळं. अडुसष्ट घरं, तीनशे बारा माणसं. मार्चपर्यंत फॉर्म परत आले आणि सात शनिवारांत मी सगळं गाव त्या यंत्रात घातलं. तेही इंग्रजी अक्षरांत, कारण त्याला मराठी येत नाही.

आता आपली माणसं फॉर्म कशी भरतात ते तुला ठाऊक आहे. आपल्याकडे 'नाही' म्हणायची पद्धत नाही. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, आणि डब्यातले तांदूळ संपले तरी आई कधी 'संपले' म्हणाली नाही, नुसता डबा पालथा घालून ठेवायची. अशी माणसं 'मूलबाळ नाही' हे शाईनं, स्वतःच्या हातानं कशी लिहितील? ती जागा मोकळी सोडतात. बायका वयाची जागा मोकळी सोडतात. आणि जे सगळ्या गावाला ठाऊक आहे तेही मोकळंच सोडतात, कारण ते लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याला अडाणी समजणं. फॉर्म बघितलेस तर वाटेल, निम्मं गाव कोरं आहे.

आणि यंत्राची पद्धत बरोबर उलटी. आकड्याच्या रकान्यात काही भरलं नाही की ते आपणहून शून्य मांडतं. हो-नाहीच्या रकान्यात काही भरलं नाही की ते 'नाही' धरून चालतं. 'मला ठाऊक नाही' असं म्हणायची त्याला सोयच नाही. (असे मोठे साहेब आमच्या कंपनीतही आहेत.) मला हे माहीत नव्हतं का? होतं. पण मालाच्या यादीत त्यानं काही बिघडत नाही. गोदामात खिळे आले नाहीत तर शून्य खिळे, हे बरोबरच आहे. माणसं म्हणजे खिळे नव्हेत, हे मला सत्तेचाळीस पानांची यादी यंत्रातून बाहेर पडल्यावर सुचलं.

तोवर काशीरामभाऊंनी यादी नेली होती. मे महिन्यात मंडळाचा बालमेळावा असतो. त्यांनी मला सांगितलं की दहा वर्षांच्या आतली सगळी मुलं काढून दे, आणि मी आज्ञाधारकपणे काढून दिली. निमंत्रणं गेली. प्रत्येक निमंत्रणाला दोऱ्यानं एक फुगा बांधलेला. त्यातलं एक भांडुपच्या सोनूबाईंना मिळालं. आईच्या वयाच्या त्या, दात एकही नाही, आणि निमंत्रणात लिहिलं होतं की बालमित्रांनो, येताना आपला रुमाल आणि पाण्याची बाटली आणावी. अशी शून्य वर्षांची बालकं एकंदर एक्याण्णव निघाली, सगळ्या बायका. त्यांतल्या सहा जणी मेळाव्याला आल्याही. त्यांनी रुमाल आणले होते.

पुढच्या सभेत काशीरामभाऊंनी किल्ल्या आपटून सांगितलं की आपल्या गावाचं सरासरी वय आता शास्त्रीय पद्धतीनं निघालं असून ते एकवीस आहे, आपलं गाव तरुण आहे. सभेत जेमतेम चाळीस डोकी, बहुतेक पांढरी किंवा टक्कल पडलेली. मागून कोणीतरी विचारलं, "मग इथे कोणाचे आजोबा येऊन बसलेत?" मी खुर्चीत जितकं खाली सरकता येतं तितकं सरकले.

त्यातच गुणाजीकाकांचं प्रकरण. लग्न झालं आहे का, ही जागा त्यांनी मोकळी सोडली होती. चाळीस वर्षांचा संसार, पाच मुलं, लग्नाला अख्खं गाव जेवलेलं. त्यात लिहायचं काय? यंत्रानं त्यांना अविवाहित ठरवलं, आणि मंडळाच्या वधूवर समितीचं पत्र त्यांच्या घरी गेलं: आपला एक अलीकडचा फोटो आणि अपेक्षा कळवाव्यात. ते उघडलं पार्वतीकाकूंनी. मी माफी मागायला गेले तर काकू शांतपणे कांदा चिरत होत्या आणि काका कोपऱ्यात पेपर वाचत होते. "काडा म्हणान सांगलंय मी फोटो," काकू मला म्हणाल्या, "बघूया खंयची पसंत करता ती. माजी तरी सुटका जातली." काका पेपराआडून म्हणाले की अपेक्षा काय लिहू. "कमी बोलणारी," असं उत्तर आलं, आणि कांदा जास्तच जोरात चिरला गेला.

काशीरामभाऊंनी यावर स्वतः उपाय शोधला. कोणाला न विचारता. म्हणाले, रिकामं ठेवूच नकोस, जिथे वय नाही तिथे नव्याण्णव घाल, म्हणजे आपल्याला ओळखू येईल. मी विचारलं, आपल्याला येईल, पण पुढच्या वर्षीच्या चिटणीसांना? ते म्हणाले, पुढच्या वर्षीही मीच आहे. मी नव्याण्णव घातले. (मला नाही म्हणता येत नाही, हा आपल्या घराण्याचा दोष एकट्या तुझ्यात उतरला नाही.) दोन महिने बरं चाललं. मग गणपतीच्या आधी मंडळाच्या महिला शाखेनं ठरवलं की नव्वदी पार केलेल्या स्त्रियांचा घरी जाऊन सत्कार करायचा. त्यांना यादी कोणी दिली? काशीरामभाऊंनी. आणि शंभर आकडा गाठायला एकच वर्ष उरलेल्या एक्याण्णव महिला आपल्या गावात आहेत हे वाचून शाखेच्या डोळ्यांत पाणी आलं.

सोनूबाईंच्या दारात शाल आणि नारळ घेऊन गेले ते काशीरामभाऊच. सोबत मला नेलं, कारण चूक यंत्राची निघाली तर यंत्राचं माणूस बरोबर असावं. सोनूबाईंनी शाल हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, पोत चांगला आहे म्हणाल्या, आणि मग काशीरामभाऊंना म्हणाल्या, "गेल्या टायमाक फुगो, ह्या टायमाक शाल. फुडच्या टायमाक खांदेकरीच घेवन ये." शाल मात्र ठेवून घेतली.

त्या रात्री मी बराच विचार केला. माझं आयुष्य याद्यांत गेलं, पण रिकामी जागा म्हणजे काय याचा मी कधी विचारच केला नव्हता. सगळ्या रिकाम्या जागा दिसायला सारख्या असतात, आणि प्रत्येकीचं कारण वेगळं. सोनूबाईंना आपलं वय खरंच माहीत नाही. त्यांचा जन्म मोठ्या वादळाच्या आधी झाला की नंतर यावर त्यांच्या घरातच दोन पक्ष आहेत. गुणाजीकाकांना सांगायची गरज वाटली नाही. आणि काहींना सांगायचं नसतं. तर मी प्रत्येक रकान्याच्या शेजारी एक अक्षर मावेल एवढा चिमुकला रकाना वाढवला: जागा रिकामी असेल तर ती का रिकामी आहे, ते एका अक्षरात. एम म्हणजे माहीत नाही. एल म्हणजे लागू नाही. एस म्हणजे सांगायचं नाही. वय काढायचं झालं की यंत्रानं आधी ते अक्षर बघायचं, आणि अक्षर असेल त्या बाईला मोजायचंच नाही. अगदी साधी गोष्ट, पण मला इतका आनंद झाला की मी तात्यांना उठवून सांगितली. ते म्हणाले, हे तर आम्ही गिरणीत करायचो. गैरहजर, रजा आणि आजारी हे तीन वेगळे शेरे असतात; तिघं लूमवर नसतात म्हणून काय सारखे? मग कूस बदलून झोपले. पस्तीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाला मी हे शिकवायला निघाले होते.

आता सगळ्या रिकाम्या जागांचं कारण विचारायला घरोघर जाणं आलं. सप्टेंबरभर मी तेच केलं. मुलुंड, भांडुप, कांजूर, घाटकोपर. पद्मा, तुला काय सांगू, दर दारात चहा. शिवाय फुग्याचा जाब. बायका वय सांगत नाहीत ते नाहीत, पण एस लिहिते म्हटलं की खूश होतात; एकीनं तर मला सगळ्याच रकान्यांत एस लिहायला लावलं, नावात सुद्धा लिहा म्हणाली. एका घरी मात्र मी काहीच विचारलं नाही. लग्नाला बारा वर्षं झालेली मुलगी, मुलांचा रकाना कोरा. तिनं माझ्या हातातला फॉर्म बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पाणी दे गं, ऊन फार आहे. परत येऊन तिथे मी एस लिहिलं. निदान शून्य तरी पुसलं गेलं.

माझ्या स्वतःच्या फॉर्मवर 'पतीचे नाव' रिकामं होतं. तिथे एल लिहिलं. लागू नाही. लिहून झाल्यावर त्या एका अक्षराकडे जरा वेळ बघत बसले. मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलं नाही, चव्वेचाळीस वर्षांत इतकं स्वच्छ मला कोणी सांगितलं नव्हतं, ते शेवटी मीच मला सांगितलं.

आणि सगळ्यांत शेवटी आपल्या घराचा फॉर्म घेतला, तात्यांनी भरलेला. तात्यांची सवय तुला आठवते ना? कागदावर एक ओळ मोकळी सोडायचे नाहीत. हजेरीच्या पानावर नावं संपली की खालच्या सगळ्या ओळींवर पट्टी ठेवून तिरकी रेघ मारायचे. मोकळ्या ओळीत उद्या कोणीही येऊन नाव घुसडील म्हणायचे. घरीसुद्धा तेच. वाण्याच्या चिठ्ठीवरही रेघ.

फॉर्मवर अपत्यांसाठी पाच ओळी आहेत. पहिल्या ओळीत माझं नाव. दुसऱ्या ओळीत आपल्या दत्तारामचं, त्याच्या ठाण्याच्या पत्त्यासकट. चौथ्या ओळीवर पट्टीनं मारलेली रेघ. पाचव्या ओळीवर पट्टीनं मारलेली रेघ.

तिसरी ओळ कोरी.

अकरा वर्षांपूर्वी तू तात्यांच्या मनाविरुद्ध हरेश्वररावांशी लग्न करून माहुलला गेलीस, तेव्हा तात्या दारात उभं राहून काय म्हणाले ते तुला मी सांगायला नको. मला दोनच मुलं, म्हणाले होते. आणि तू जिन्यातून म्हणालीस की स्वतः बोलावतील तेव्हाच उंबरा ओलांडीन. दोघं एकाच मातीचे. पण बाई, ज्याला दोनच मुलं आहेत तो माणूस रेघ तिसऱ्या ओळीपासून मारतो ना? आणि तोही असा माणूस, ज्यानं जन्मभर रेघा मारण्याशिवाय दुसरं काही केलं नाही?

मी चूक झाली असेल म्हणून फॉर्म त्यांच्यापुढे धरला. म्हटलं तात्या, तिसऱ्या ओळीत काय घालू? एम, एल का एस? तीनही अक्षरांचा अर्थ त्यांना नीट समजावून दिला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तुझ्या यंत्राला थांबायला सांगता येतं का?"

म्हटलं, किती वेळ?

"ते मला काय माहीत," म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.

तर यंत्रात आता चौथं अक्षर आहे. कोणाला न सांगता वाढवलंय. अर्थ एवढाच की ही जागा रिकामी नाही, ठेवलेली आहे; हिला मोजून टाकू नका आणि पुसूनही टाकू नका. तीनशे बारा माणसांत ते अक्षर एकाच ठिकाणी आहे. पण छापखान्यात कागदावर अक्षर जात नाही गं, तिथे एकतर नाव जातं नाहीतर ओळ बंद होते. काशीरामभाऊ परवाच म्हणाले की मधली मोकळी ओळ वाईट दिसते, चिकटवून टाकू. मी त्यांना भाऊबीजेपर्यंतची मुदत मागितली आहे. किल्ल्या आपटल्या, पण दिली.

माझं सगळं सांगून झालं. हरेश्वररावांना नमस्कार, माणिकला पापा. थंडी पडायच्या आत होडीला रंग लावून घ्या, मागच्या वर्षी उशीर झाला म्हणत होतात. पत्राचा राग आला तर चेंबूरला भेटू तेव्हा वेटरला हाक मार, मी पाचवी कॉफीसुद्धा पिईन.

तुझी
ताई

ता. क. सोबत कोरा फॉर्म ठेवला आहे. तुझी, हरेश्वररावांची आणि माणिकची माहिती भर. माणिकचं वय आकड्यात घाल, नाहीतर तिला शाल येईल. जे लिहायचं नसेल ते मोकळं सोड, फक्त शेजारी अक्षर टाक. भरून पोस्टानं पाठव, म्हणजे मी गुपचूप यंत्रात घालीन.

आणखी एक ता. क. हे मी तात्यांना न कळवता लिहितेय. मंडळाचं काम चाललंय एवढंच त्यांना माहीत आहे. आपण चेंबूरला भेटतो हेही त्यांना ठाऊक नाही. तेव्हा उत्तर मला कंपनीच्या पत्त्यावर पाठव, आणि कुठेही त्यांचा उल्लेख नको.

शेवटचा ता. क. पाकीट फोडून पुन्हा लिहितेय, डिंक वाया गेला. पाकिटावर तुझा पत्ता घातला होता, पण माहुलला पत्र टाकायची कधी वेळच आली नव्हती, त्यामुळे पिनकोड माहीत नव्हता. ते सहा चौकोन कोरे सोडले (एम) आणि दूध उतू जातंय का बघायला आत गेले. परत आले तर चौकोन भरलेले. आकडे बघ, सातला मधून आडवी रेघ आहे. आपल्या घरात असा सात एकच माणूस काढतं.

तात्या खिडकीपाशी गवार मोडत बसले होते. मी विचारलं, हा आकडा तुम्हाला कुठे मिळाला? पोस्टात विचारून घेतला होता, म्हणाले. कधी, म्हटलं. "शहात्तर साली."

मग दोन शेंगा मोडल्या आणि वर न बघता म्हणाले की फॉर्म पोस्टानं मागवू नकोस, पोस्टात कागद गहाळ होतात. तिला म्हणावं, घेऊन ये.